ब्रोंते: पिस्त्याचं पीक एक वर्षाआडच का काढतात?

गडहिंग्लजकर:
सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावर ब्रोंते हे पिस्त्याचं गाव आहे. तिथं फक्त विषम साली (२०२१, २०२३, २०२५) पीक काढतात आणि सम साली झाडावरच्या कळ्या हातानं खुडतात. हाताशी आलेलं पीक का घालवायचं? आणि आजरा-चंदगडच्या डोंगरात पिस्ता येईल का?

बागवान_राधानगरी:
घालवत नाहीत, दादा. पिस्ता हापूससारखाच एकाआड एक वर्ष धरतो. ज्या साली घोस भरतात, त्या साली गर भरण्यातच झाडाची ताकद जाते आणि पुढच्या सालच्या फुलकळ्या उन्हाळ्यातच गळतात. सम साली जे थोडकं लागतं तेही खुडलं की झाडाला पुरती विश्रांती मिळते. शिवाय दाण्यात वाढणाऱ्या किडीला त्या वर्षी खायलाच उरत नाही. मात्र हे सगळ्या शिवारानं एकदम करायला लागतं. एकानं फळं ठेवली की कीड तिथं तग धरते आणि पुढच्या साली शेजाऱ्याकडं जाते.

जमीन म्हणजे नुसता लाव्हाचा खडक, नांगर चालत नाही. रानात आपसूक उगवलेल्या टेरेबिंथच्या (पिस्त्याच्या रानटी भावंडाच्या) झाडावर जागेवरच पिस्त्याचा डोळा भरतात (कलम करतात), कारण त्याची मुळं खडकाच्या भेगांत शिरतात. नर-मादी झाडं वेगळी, पराग वाऱ्यानं जातो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर कवच वाढतं, आत दाणा नसतो. काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, गळ्यात पिशवी अडकवून हातानं. खाली सांडलेला पिस्ता भेगेत गेला की गेलाच.

वाळवण:
खरी कसोटी काढणीनंतर. युरोपच्या डीओपी शिक्क्यासाठी (माल त्याच गावचा असल्याची हमी देणारा शिक्का) २४ तासांत वरची साल उतरवायची आणि ओलावा ४ ते ६ टक्क्यांवर आणायचा. साल तशीच राहिली तर कवचावर डाग पडतात, बुरशी धरते.

बागवान_राधानगरी:
लागवडीचं विचारलंत, तर नका लावू. पिस्त्याला हिवाळ्यात ७ अंशांखालचे सुमारे ८०० ते १००० तास लागतात. आपल्याकडं तेवढी थंडी नाही, आणि दाणा भरतानाच मृगापासून पाऊस कोसळतो.

वाळवण:
आपल्या काजूवाल्यांनी ब्रोंतेवाल्यांची वाळवायची शिस्त मात्र घ्यावी. गळालेली बी रोज वेचा, बोंड लगेच पिळून काढा, दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट करून ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा आला की मगच पोत्यात भरा. ओली बी भरली की गर काळा पडतो आणि दर तिथंच पडतो.