स्त्रीपर्व वाचवत नाहीये, इतका शोक कशासाठी?

रानपाखरू:
महाभारत सलग वाचायला घेतलंय आणि अकराव्या पर्वात, म्हणजे स्त्रीपर्वात अडकलेय. लढाया भराभर वाचल्या, खरं सांगायचं तर मजा येत होती, आणि आता गांधारी कृष्णाला एकेक प्रेत दाखवत चाललीये आणि दोन पानांपुढे जाववत नाही. उत्तरा अभिमन्यूचं डोकं मांडीवर घेते, रक्ताने माखलेले केस हाताने वर सारते आणि जिवंत असल्यासारखं त्याला विचारत राहते, तिथे पुस्तक मिटलं. युद्धाचा निकाल तर लागलाय, मग कवीने हे एवढं का लांबवलं असेल?

जुनी वही:
मजा येत होती म्हणूनच, असं मला वाटतं. कौरवांकडून लढणाऱ्या भूरिश्रव्याचा हात आठवा. द्रोणपर्वात अर्जुन तो तोडतो तेव्हा आपण पांडवांकडचा सात्यकी त्याच्या तावडीतून वाचला म्हणून हुश्श करतो आणि पुढे जातो. इथे तोच हात त्याची बायको मांडीवर घेऊन बसलीये, म्हणते हाच तो माझा कमरपट्टा ओढणारा हात. मम्मटाने काव्यप्रकाश या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात हा श्लोक घेतलाय, शृंगाराची आठवण करुण कसा गडद करते ते दाखवायला. मी तो वाचल्यापासून द्रोणपर्व पूर्वीसारखं वाचूच शकत नाही.

निळी शाई:
पण शोकाने माणूस शहाणा होतोच असं नाही ना. बाप गेल्याच्या दुःखातच अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना कापतो. इलियड या ग्रीक महाकाव्यातही तेच, जिवलग मित्र पॅट्रोक्लस गेल्यावर ग्रीक योद्धा अकिलीस त्याला मारणाऱ्या ट्रॉयच्या हेक्टरला मारतो, रथाला बांधून फरफटवतो, तरी त्याचं दुःख काही कमी होत नाही. शेवटच्या, २४ व्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम एकटा त्याच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी पोरं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो, तुझ्या बापाला आठव म्हणतो, मग दोघं आपापल्या माणसांसाठी एकत्र रडतात. आणि त्यानंतर प्रायमच सांगतो, ११ दिवस अंत्यविधीला दे, १२ व्या दिवशी लढायचंच असेल तर लढू. मला ते १२ व्या दिवसाचं वाक्य रडण्यापेक्षा जास्त लागतं.

जुनी वही:
रानपाखरू, पर्व अर्धवट सोडू नका. शेवटी गंगेकाठी सगळे मेलेल्यांना पाणी देत असतात आणि कुंती तेव्हा सांगते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ.

रानपाखरू:
म्हणजे युधिष्ठिराला हे सगळं संपल्यावर कळतं?? आज रात्री वाचते.