रक्तदान शिबिराच्या दिवशीच काम बंद: चूक कुणाची?

माणदेशी माणूस:
गेल्या रविवारी दहिवडीत आमच्या मंडळाचं शिबिर होतं. ९२ नावं नोंदवलेली. सकाळी साडेआठला रक्तपेढीचा फोन आला, "कर्मचारी संघटनेनं सुट्टीच्या दिवशी काम करायचं नाही ठरवलंय, शिबिर पुढे ढकला." मांडव घातलेला, चहाचं पातेलं उकळतंय. माझा चुलतभाऊ पुण्याहून रात्रीच्या एसटीनं खास यासाठी आलेला. तसाच परत गेला.
मागण्या असतील, त्याबद्दल वाद नाही. पण मे महिना आहे, कॉलेजं बंद आहेत, रक्ताचा आधीच तुटवडा. फुकट रक्त द्यायला आलेल्या माणसाला वेठीस का धरता? रक्तपेढीत काम बंद आंदोलन नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

तंत्रज्ञ ताई:
दादा, राग रास्त आहे तुमचा. मी त्या रक्तपेढीत नाही, पण जिल्ह्यातच अकरा वर्षं हेच काम करते. शिबिर तुमच्यासाठी दोनला संपतं, आमचा खरा दिवस तिथून सुरू होतो. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, काढायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा तासांच्या आत पिशवीतल्या रक्ताचे घटक वेगळे करावे लागतात. दहिवडीहून साताऱ्याला यायलाच दोन तास. मग एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशा सगळ्या तपासण्या. घरी जायला अकरा वाजतात आणि सोमवारी आठला परत हजर. बदली रजा कागदावरच राहते.
नियमात १०० ते १२० दात्यांच्या शिबिराला तीन तंत्रज्ञ सांगितलेत. आम्ही दोघं जातो. मागच्या वर्षी अशाच एका रात्री माझ्या हातून रक्ताच्या दोन नळ्यांचे नंबर अदलाबदल होता होता राहिले. शेजारच्या मुलीनं पाहिलं म्हणून. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस जाऊ शकतो.

पुसेगावची आई:
ताई, तुमचे हाल कळतात, तरी मी माणदेशी दादांच्या बाजूनं. माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. नियमानं तिला ते मोफत आणि बदल्यात दाता न मागता मिळायला हवं. पण शिबिरं बुडाली की खिडकीवरून हळूच विचारतात, "कोणी दाता आहे का हो?" मागच्या उन्हाळ्यात तिचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. जिना चढता येईना पोरीला. पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद आहे, म्हणजे आम्हाला आधार फक्त स्वेच्छेनं येणाऱ्यांचा. असा दाता एकदा परत गेला की पुन्हा येतो का? काळ्या फिती लावा, व्यवस्थापनाच्या दारात बसा. शिबिराला हात लावू नका.

स्पष्टवक्ता:
मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपबंदीचा कायदा, लावा, दोन दिवसांत सरळ होतील.

तंत्रज्ञ ताई:
आमच्यातले निम्मे अकरा महिन्यांच्या कंत्राटी आदेशावर आहेत. त्यांना आणखी कसला धाक दाखवणार? आणि काळ्या फिती तीन वेळा लावून झाल्या. व्यवस्थापनानं त्याच फितींसकट आमचे फोटो शिबिराच्या बातमीत छापून आणले.

निवृत्त कंडक्टर, कोरेगाव:
एसटीत तीस वर्षं संघटनेचं काम केलंय, म्हणून विचारतो. संघटना आधी पत्र देते. मग रक्तपेढीला हे साडेआठला कळलं का? रक्तपेढीचे साहेब जमलेल्या दात्यांच्या भरवशावर बसले. मांडव घातला की कर्मचारी पोरं नाही म्हणायची नाहीत, असा हिशोब. पत्र आलं त्याच दिवशी आयोजकाला कळवायला हवं होतं. आणि आयोजकांनो, तुमचंही ऐका. नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवशी चार-चार शिबिरं घेता. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, लाल पेशी फार तर ४२. सहाव्या दिवशी डेंग्यूचा पेशंट आला तर?

माणदेशी माणूस:
काका, काल जाऊन बघून आलो. पत्र नोटीस बोर्डावर आहे, बारा दिवस आधीचं. माझा निम्मा राग तिकडे वळला. निम्मा संघटनेवर कायम आहे. शिबिराच्या अर्जावर माझा नंबर असतो, तो कर्मचाऱ्यांकडेच असतो. एक फोन त्यांनाही करता आला असता.

तंत्रज्ञ ताई:
हे मान्य. शुक्रवारी आमच्या संघटनेची बैठक आहे, हा मुद्दा मी मांडते. पुढच्या आठवड्यात शनिवारी, कामाच्या दिवशी, चार तासांत पन्नास दाते, असं ठेवलं तर तुमचं मंडळ तयार होईल?

माणदेशी माणूस:
५० होतील. चुलतभावाला आत्ताच कळवतो.

पुसेगावची आई:
तारीख ठरली की इथेच टाका. मुलीचं रक्त त्याच आठवड्यात आहे.