काळ्या मातीत डिटेक्टर नाण्यालाही लोखंड म्हणतो (मौदा रोड, नागपूर)

वावर_धुरा:
नमस्कार मंडळी. मौद्याकडे आमचं घरचं वावर आहे. धुऱ्याला लागून जुनी पांदण आहे, कामठीच्या बाजाराला जाणाऱ्या बंड्या तिथूनच जायच्या. मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं यंत्र) एकाच फ्रिक्वेन्सीचा, कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती) ११ इंची. पाव आणा हवेत धरला की धातू ओळखायचा पडद्यावरचा आकडा नीट येतो. तोच १२ सेंमी खाली पुरला की लोखंड दाखवतो. शिवाय सारखी कुरकुर चालू असते. सेटिंग चुकतंय की यंत्र? आणि नाणं निघालंच तर कायद्याचं काय?

काळी_कसदार:
यंत्र ठीक आहे भाऊ, माती तशी आहे. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. कॉइलला त्या कणांचाही सिग्नल येतो आणि खोल नाण्याचा क्षीण सिग्नल त्यात मिसळून आकडा लोखंडाकडे ओढला जातो.

आधी कुरकुर कशाची ते ठरवा. कॉइल कमरेएवढी उचलून स्थिर धरा. तरीही आवाज येत असेल तर तो विजेचा. ११ केव्हीची लाइन, खिशातला मोबाइल, आणि सर्वात जास्त रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेली, विजेचे झटके देणारी झटका मशीन. तिचा टक-टक आवाज ठरावीक अंतराने येतो. ती बंद करा किंवा फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा. कॉइल फिरवतानाच आवाज येत असेल तर दोष मातीचा.

मातीसाठी: धातू नसलेली जागा बघून ग्राउंड बॅलन्सचं (मातीचा सिग्नल वगळायचं) बटण दाबा आणि कॉइल जमिनीपासून ३ ते २५ सेंमी खाली-वर करत राहा. आवाज सपाट झाला की सोडा. काळी संपून मुरूम लागला की पुन्हा करा. हे न केल्यानेच निम्मे सिग्नल हातचे जातात. सेन्सिटिव्हिटी कुरकुर थांबेपर्यंत खाली आणा. जास्त ठेवली तर खोली वाढत नाही, फक्त मातीचा गोंगाट वाढतो. जमलं तर ६ इंची कॉइल घ्या, तिच्याखाली माती कमी येते. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सेटिंग) जवळजवळ शून्य ठेवा आणि आकड्यापेक्षा आवाज ऐका. दोन्ही दिशांनी, ९० अंशांत वळूनही तोच टोन येत असेल तर खणा. कॉइल हळूहळू वर उचला. नाण्याचा आवाज लगेच मरतो, वखराची पास (पातं) किंवा मोठं लोखंड असेल तर बराच वेळ टिकतो.

उन्हाळ्यात काळीला हातभर खोल भेगा पडतात, नाणी त्यात घसरतात, पावसात भेगा मिटतात. त्यामुळे खोलीवरून नाण्याचं वय काढू नका. मे महिन्यात ढेकळांमुळे कॉइल जमिनीलगत फिरत नाही. सोयाबीन निघाल्यावर, माती थोडी ओली असताना शोध घ्या. ठिबकच्या नळ्या आणि संत्र्याची मुळं सांभाळा, खड्डा बुजवा.

पाव_आणा:
पांदणीवर काय निघू शकतं ते लिहितो. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा तांब्याचा, ६.४७ ग्रॅम. १९०६ पासूनचा ब्राँझचा, ४.८६ ग्रॅम. सोनाराकडच्या काट्यावर फरक लगेच कळतो, झीज मात्र धरून चाला. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ चा. १९४७ चा रुपया निकेलचा, त्याला चुंबक चिकटतं. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. त्यावर १८६२ साल असलं तरी तेच साल कोरून १८७४ पर्यंत पाडत होते, म्हणजे नाणं त्याच सालचं असं समजू नका.

पीतांबरी, चिंच, लिंबू अजिबात नको. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, माती आपोआप सुटते, मग सावलीत वाळवा. फिकट हिरवी पूड धरत असेल तर ते क्लोराइडचं गंजणं आहे. नाणं सिलिका जेलसोबत कोरड्या डबीत वेगळं ठेवा.

कोर्टकचेरी:
कायद्याचं सांगतो, हे आधी वाचा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. ऐवज बेवारस ठरला आणि जागामालक वेगळा असेल तर साधारण तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू धरलं जातं, परदेशात पाठवता येत नाही.

कामठी छावणीची जागा, सीताबर्डीचा किल्ला, मनसरचं उत्खननस्थळ: इथे डिटेक्टर नेऊच नका. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईची गोळी जागेवर असेल तर ती सैन्य कुठे उभं होतं ते सांगते. उचलली की नुसतं शिसं उरतं.

वावर_धुरा:
समजलं दादा. काडतूस निघालं तर?

कोर्टकचेरी:
रिकामी पुंगळी असेल तर ठीक. टोकाला गोळी असेल किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, पिनपॉइंटरनेही (खड्ड्यात धातूची नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी) टोचू नका. जागेवर खूण करा, मजुरांना लांब करा आणि ११२ ला फोन करा. आणि प्रत्येक वस्तूची जागा मोबाइलच्या जीपीएसवर, खोली पट्टीने, त्याच दिवशी वहीत. जिल्हाधिकाऱ्यांना कळवताना हीच नोंद लागते.