द्रव भरलेलं आयन चेंबर: तीन वर्षांत १.१ टक्के घसरण, द्रव खराब झाला का?

फिजिसिस्ट_सोलापूर: लिनॅकच्या (कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या यंत्राच्या) छोट्या फील्डसाठी, म्हणजे अरुंद झोतांसाठी, आमच्याकडे आयसोऑक्टेन या द्रवाचं डोस मोजायचं चेंबर आहे. पोकळी १.७ घन मिलिमीटर, व्होल्टेज ८००. दर महिन्याला शेवटचा पेशंट गेला की मी ते सॉलिड वॉटरमध्ये (पाण्यासारख्या प्लॅस्टिकमध्ये) बसवते, १० बाय १० सेंमी फील्ड, १०० एमयू (लिनॅकचं डोस मोजायचं एकक), आणि लगेच त्याच जागी फार्मर, म्हणजे हवेचं नेहमीचं चेंबर. दोघांचं गुणोत्तर वहीत. पहिली नोंद तीन वर्षांपूर्वीच्या जुलैची, शेवटची या डिसेंबरची, आणि मधे १.१ टक्के उतरलंय. मेंदूतल्या मिलिमीटरच्या गाठींचे प्लॅन मी याच चेंबरवर तपासते, त्यामुळे झोप लागत नाही.

आर्गॉनवाला: मी सर्नमधल्या अ‍ॅटलास प्रयोगाच्या द्रव आर्गॉन कॅलरीमीटरवर (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणावर) काम केलंय. तिथं द्रव ८८ केल्विनवर, एक अंश चढला की सिग्नल दोनेक टक्के खाली. ऑक्सिजन तर शत्रूच, तो इलेक्ट्रॉन गिळतो. तुमच्याकडे तसं नाही. आयसोऑक्टेनमध्ये इलेक्ट्रॉन आधीच अडकतात, विद्युतभार आयन वाहून नेतात. त्यामुळे थोड्या ऑक्सिजननं एवढं बिघडत नाही. वहीतले सगळे आकडे द्या ना, नुसतं पहिलं-शेवटचं नको.

फिजिसिस्ट_सोलापूर: दिले. पावसाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, दरवर्षी.

जुना_डोसिमेट्रीवाला: ताई, इलेक्ट्रोमीटरमध्ये (चेंबरचा विद्युतभार मोजणाऱ्या यंत्रात) तापमान-दाबाची दुरुस्ती दोन्ही चेंबरना चालू आहे का? ती उघड्या हवेच्या चेंबरसाठी असते. पावसाळ्यात दाब उतरतो, दुरुस्ती वाढते. द्रवाची घनता दाबानं हलत नाही, म्हणून तुमचं रीडिंग फुकट फुगतं. तापमानाचा परिणाम द्रवावरही होतो, पण उलट्या दिशेनं: ऊन चढलं की आयनजोड्या कमी पुनर्मिलित होतात (मोजण्याआधीच परत जुळून जातात त्या कमी), रीडिंग वाढतं. कच्चे कुलोम, म्हणजे दुरुस्ती न केलेला विद्युतभार, काढून बघा.

फिजिसिस्ट_सोलापूर: चालूच होती! आज रात्री बसून सगळे कच्चे आकडे काढले. उरलं ०.३ टक्के. ऋतूंची लाट गेली.

जुना_डोसिमेट्रीवाला: त्या ०.३ साठी दर पल्सचा (लिनॅकच्या झोताच्या एकेका ठोक्याचा) डोस बघा. द्रवात पुनर्मिलन त्यावर फार अवलंबून असतं. एकदा स्रोतापासून १०० सेंमीवर, एकदा १४० वर मोजा (लांब गेलं की दर पल्सचा डोस घटतो), आणि फार्मरशी ताडून पाहा. मधे मॅग्नेट्रॉन (लिनॅकला मायक्रोवेव्ह पुरवणारा भाग) बदललाय का?

फिजिसिस्ट_सोलापूर: हो सर, मागच्या मार्चमध्ये. आणि घसरण तिथूनच दिसतेय. शनिवारी १४० वर लावते.