दोन खात्यांच्या मधलं काम: तुमचे अनुभव सांगा

संस्थेत बिनसतं कुठं, तर एका खात्याचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथं. साताऱ्यातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझं हे मत पक्कं झालंय. आपापल्या टेबलावर बहुतेक माणसं नीट काम करतात. फाईल, माल, निरोप किंवा पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते तिथं 'ते माझ्याकडं नव्हतं' सुरू होतं. आपल्या सातारा-सांगलीत संस्था उभ्या करायची मोठी परंपरा आहे. १९१० ला किर्लोस्करवाडी, १९१९ ला काले गावी रयत शिक्षण संस्था, पुढे साखर कारखाने, दूध संघ, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावोगावच्या विकास सोसायट्या. त्या कशा निघाल्या ते आपण ऐकत आलो. रोज चालवताना माणसं एकमेकांशी कसं जमवून घेतात, ते मला ऐकायचंय. संस्थेचं नाव नको, माणसाचं नको. 'संवाद हवा' एवढंच लिहू नका. तो कुणी, कधी, कुठं बसून सुरू केला ते सांगा. आलेले अनुभव खाली दिलेत.

साखर कारखाना, शेती खातं (वाळवा तालुका)

हंगामात शेती खातं आणि इंजिनिअरिंग यांचं जमत नाही, हे बऱ्याच कारखान्यांत ऐकायला मिळेल. आमच्याकडं मिलच्या कामासाठी गाळप बंद ठेवायचं दुपारीच ठरायचं, गट ऑफिसला (शेती खात्याच्या गावाकडच्या ऑफिसला) मात्र रात्री कळायचं. तोवर चिटबॉयनं, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या आमच्या माणसानं, उद्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देऊन टाकलेल्या. ऊसतोड टोळ्या पहाटे फडात उतरायच्या आणि दुपारी यार्डातली ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यावर यायची. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटतं, साखरही घटते. मग शेतकरी चिटबॉयच्या अंगावर धावून जाणारच. उलट ऊस कमी आला की 'नो केन', म्हणजे ऊसच नाही, मिल थांबली, आणि इंजिनिअरिंगची माणसं बॉयलर सांभाळत बसली. दोघांचंही खरं होतं.

आमच्या शेती अधिकाऱ्यांनी वजनकाट्याशेजारच्या खोलीत दुपारी चारचा चहा सुरू केला. चीफ इंजिनिअर, यार्ड सुपरवायझर, वाहतुकीचे क्लार्क आणि आमच्यातला एक जण. विषय एकच: उद्या किती टन गाळायचं. आकडा वहीत लिहून खाली दोन्ही खात्यांच्या सह्या, आणि तो आकडा बघूनच चिठ्ठ्या निघणार. सुरुवातीला नुसती उणीदुणी निघाली. साहेबांनी ती निघू दिली, पण आकडा लिहिल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही. एके दिवशी पहाटे त्यांनी चीफ इंजिनिअरना फडावर नेलं. पाचटावर तान्हं पोर निजवून एक बाई मोळ्या बांधत होती. मुकादम म्हणाला, "साहेब, मिल बंद हाय हे काल कळलं असतं तर ही माणसं आज उजाडूस्तवर झोपली असती." तेव्हापासून बंदचा निरोप चीफ इंजिनिअर स्वतः गट ऑफिसला फोन करून द्यायचे.

फौंड्री (कुपवाड एमआयडीसी)

आमची फौंड्री आणि मशिनशॉप समोरासमोर. अर्धं मशिनिंग झाल्यावर कास्टिंगमध्ये (ओतीव तुकड्यात) ब्लोहोल, म्हणजे हवेचं छिद्र, निघायचं. त्यावर भांडण व्हायचं महिन्याच्या मीटिंगमध्ये, म्हणजे तो तुकडा पुन्हा भट्टीत वितळून गेल्यावर! नव्या मॅनेजरनी नियम केला की रिजेक्ट माल आधी टेबलावर मांडायचा आणि पाळी बदलताना दोन्हीकडच्यांनी हातात घेऊन बघायचा. एकदा सगळी छिद्रं एकाच बाजूला दिसली. मोल्डर मिस्त्रींनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोअर ओला राहतोय." कोअर म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. मिस्त्रींना महिन्याच्या मीटिंगला कधी बोलावलंच नव्हतं. मला वाटतं, निम्मी भांडणं चुकीची माणसं खोलीत बसवल्यानं होतात.

विकास सोसायटी, सचिव (खटाव तालुका)

आमच्याकडं खाती दोनच, सत्ताधारी गट आणि विरोधी गट. निवडणुकीत पॅनेल बदललं की सचिवावर 'तुम्ही त्यांचे' असा शिक्का बसतो. माझ्या आधीच्या सचिवांनी, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, मला दोन गोष्टी शिकवल्या. कर्जमागणीचे अर्ज आले त्याच क्रमानं मीटिंगपुढं वाचायचे, चेअरमननी खूण केली तरी क्रम मोडायचा नाही. दुसरं, एखाद्या संचालकानं विरोध नोंदवला तर तो त्याच्याच शब्दांत प्रोसिडिंगला (मीटिंगच्या नोंदवहीत) घ्यायचा, तिथंच मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. चेअरमन एकदा माझ्यावर चिडले, "आण्णा, एवढं सविस्तर कशाला लिहिताय?" मी म्हटलं, "आबा, उद्या तुम्ही विरोधात बसला तर तुमचंही एवढंच सविस्तर लिहीन." पुढे ते खरोखरच विरोधात बसले आणि मी शब्द पाळला. आज दोन्ही गटांची माणसं माझ्या दप्तराला हात लावायच्या आधी मला विचारतात.

आशा स्वयंसेविका (आटपाडी तालुका)

आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यानं परराज्यात. लेकी-सुना बाळंतपणाला गावी येतात, त्यामुळं गरोदर मातांचा माझा आकडा वेगळा, सिस्टरचा (नर्सचा) वेगळा, अंगणवाडीताईंचा तिसराच. आमचा बराच मोबदला कामावर मिळतो. नाव सुटलं तर पैसे बुडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बाईची तपासणी राहते. तिघींचा एकमेकींवर संशय.

नव्या सिस्टर आल्या. लसीकरणाच्या दिवशी पोरं घरी गेल्यावर त्यांनी अंगणवाडीतच सतरंजीवर तिन्ही रजिस्टरं उघडून ठेवली. मी वस्तीवरचं एकेक घर सांगायचं, त्या दोघींनी टिक करायची. एक सून कुणाच्याच वहीत नव्हती, सातवा महिना लागला होता आणि रक्त फार कमी होतं. पुढच्या मीटिंगला डॉक्टरांसमोर सिस्टर म्हणाल्या, "ही केस आशाताईंनी शोधली." त्यांना ते स्वतःच्या नावावर सहज खपवता आलं असतं. आता सिस्टरचा रात्री फोन आला तरी मी निघते.

पतसंस्था (सांगली)

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमची शाखा तळमजल्यावर. पाणी चढायला लागल्यावर मॅनेजर मॅडमनी सगळ्यांत आधी शिपाईमामांना विचारलं, कारण २००५ चा पूर शाखेत बघितलेले तेवढेच होते. मामा म्हणाले, "मॅडम, माळ्यावर ठेवू नका, वरच्या मजल्यावर न्या." तसं केलं म्हणून दप्तर वाचलं. नंतर सगळ्यांनी बसून तक्ता केला: ४० फुटांची इशारा पातळी आली की तारण सोन्याची पाकिटं दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत, ४५ ची धोका पातळी यायच्या आत संगणक वर. ज्यांची घरं सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरात आहेत त्यांनी सगळ्यांत आधी घरी जायचं, त्यांचं काम कोण करणार ते नावासकट लिहिलेलं. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा हा तक्ता वापरला.

खासगी कंपनी, हिशेब विभाग (कराड)

एक बाजू राहतेय म्हणून लिहिते. आमचे मालक 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणायचे, म्हणजे रविवारी बोलावलं की यायचं. सहकार्याच्या नावाखाली, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच गळ्यात काम पडायचं, बहुतेक वेळा आम्हा बायकांच्या. आमच्या सीनियर मॅडमनी दर शनिवारी कामाची यादी भिंतीवर लावायला सुरुवात केली. कुणाला जादा काम दिलं की त्याचं एक जुनं काम सगळ्यांसमोर खोडायचं. ही वाटणी झाल्याशिवाय मिळूनमिसळून कामाच्या गप्पा मला पटत नाहीत.

फौंड्रीवाल्यांचा प्रश्न, कारखान्याच्या माणसाला

चीफ इंजिनिअर चारच्या चहाला आलेच नाहीत तर तुम्ही काय करायचात?

उत्तर

व्हायचं तसंही. मग शिफ्ट इंजिनिअरला बोलवायचो आणि आकडा त्याच्या सहीनं लिहायचो. चहा कधी रद्द केला नाही. दुसऱ्या दिवशी तो आकडा चीफना मान्य नसेल तर ते स्वतःच चारच्या आधी येऊन बसायचे.