नेपाळात पल्सरचे पार्ट सांगलीपेक्षा इतके महाग का?

विटा_खानापूर
गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळं आमच्या भागातली बरीच माणसं बाहेर असतात. माझा थोरला भाऊ नेपाळात बीरगंजला असतो, गाडी बजाजची पल्सर १५०. सांगलीत ज्या चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) सेटवर १००० एमआरपी आहे, तोच तिथं १९०० नेपाळीच्या पुढं सांगतात. आपल्या एका रुपयाला १.६ नेपाळी असा दर धरला तर १६०० व्हायला पाहिजेत. वरचे पैसे कुणाच्या खिशात जातात? आणि हेडलाइट असेंब्लीचा दर ऐकून तर धक्काच बसला. चाकणहून केरळला माल जातो, तो काय जवळ आहे का? मग बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलची वेस ओलांडली की एवढा फरक का? भाऊ पुढच्या महिन्यात गावी येतोय. इथून पार्ट बांधून द्यावेत का, हेही सांगा.

शंभरफुटी_स्पेअर्स
दादा, आधी एमआरपीचं डोक्यातून काढा. पाकिटावरचा एमआरपी भारतापुरता असतो आणि त्यात आपला जीएसटी धरलेला असतो. पार्टवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, त्याआधी २८ होता. कंपनी निर्यात करते तेव्हा हा कर लागत नाही, म्हणजे नेपाळचा आयातदार १००० वरून सुरुवातच करत नाही.

हिशोब मांडून दाखवतो. १.६० चा दर १९९३ पासून बांधलेला आहे आणि नेपाळचा व्हॅट १३ टक्के आहे, हे दोन आकडे पक्के. बाकीचे टक्के समजण्यासाठी धरलेत. भन्सारचा, म्हणजे तिथल्या कस्टमचा दर मालाच्या वर्गवारीप्रमाणं ठरतो आणि नेपाळी जेठ महिन्याच्या १५ तारखेला येणाऱ्या बजेटात बदलू शकतो.

आयातदाराला सेट ६०० भारतीय रुपयांना पडला. भाडं-विमा ४ टक्के, झाले ६२४. त्यावर भन्सार १५ टक्के धरा, ७१७ रुपये ६० पैसे. आयातदाराचं मार्जिन २० टक्के, ८६१. दुकानदाराचं २५ टक्के, १०७६. वर व्हॅट १३ टक्के, १२१६. गुणिले १.६, म्हणजे १९४६ नेपाळी.

यात भन्सार भरला फक्त ९३ रुपये ६० पैसे. पण आयातदार आणि दुकानदार दोघंही आपलं मार्जिन त्या ९३ रुपयांवरही लावतात, कारण तेही त्यांचं गुंतलेलं भांडवलच. त्यावर पुन्हा व्हॅट. काउंटरवर येईपर्यंत ९३ चे १५९ होतात. केरळच्या दुकानदाराला हा थरच नाही, अंतर कितीही असो.

कुपवाड_निर्यात
वरचा हिशोब बरोबर आहे, पण तो फिरत्या मालाला लागू होतो. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, फिल्टर, चेन सेट. हेडलाइट असेंब्ली, टाकी, वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांचं दुखणं वेगळं आहे आणि माझ्या मते महागाईचं खरं मूळ तिथंच आहे.

सांगलीतला दुकानदार टाकी ठेवतच नाही. गिऱ्हाईक आलं की कोल्हापूर-पुण्याला फोन, माल रात्रीच्या ट्रान्सपोर्टनं येतो. पडून राहण्याचा खर्च वरच्या वितरकाचा, आणि तो वितरक अनेक जिल्ह्यांना माल पुरवतो, म्हणून त्याच्याकडंही फार काळ पडत नाही. छोट्या देशात बहुतेक कंपन्यांचा अधिकृत आयातदार एकच. एक नग मागवला तर कागदपत्रं, भन्सार एजंट, भाडं सगळं त्या एकावर बसतं. म्हणून तो १० नगांची खेप मागवतो.

आता धरा, खप वर्षाला ४. दहा नग संपायला अडीच वर्षं. म्हणजे प्रत्येक नगावर सरासरी सव्वा वर्ष पैसे अडकले. १२ टक्के व्याजानं तेच १५ टक्के झाले. तोवर मॉडेल बदललं, ग्राफिक्स बदलले आणि दोन नग तसेच राहिले, तर दहाचा खर्च आठांवर काढायचा. तो २५ टक्क्यांचा बोजा. दोन्ही मिळून जवळपास ४४ टक्के, आणि यात सरकारचा एक पैसाही नाही. उद्या भन्सार शून्य केला तरी ती टाकी सांगलीच्या भावात मिळायची नाही.

त्यात एकाच नावाच्या गाडीचे अनेक अवतार. आपल्याकडं १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम आले, पल्सर १५० कार्ब्युरेटरवरून इंजेक्शनवर (पेट्रोल सोडायची इलेक्ट्रॉनिक पद्धत) गेली. नेपाळात रस्त्यावर कार्ब्युरेटरवाल्या भरपूर. खप आधीच थोडा, तोही दोन-तीन पार्ट नंबरांत वाटला जातो.

विटा_खानापूर
डोळे उघडले. म्हणजे इथून घेऊन जाणं फायद्याचंच ना?

शंभरफुटी_स्पेअर्स
चेन सेटला नाही. १० टक्के सूट धरून इथं ९०० ला घेतला. त्यात आपला जीएसटी गेलाय, तो प्रवाशाला परत मिळत नाही. सीमेवर बिल दाखवून तोच १५ टक्के भन्सार भरला, १०३५. व्हॅट धरून ११७०, म्हणजे १८७१ नेपाळी. तिथल्या १९४६ च्या मानानं वाचले ७५. दोन देशांचे कर भरून एवढंच हाती लागतं. न दाखवता नेण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. माल जप्त होतो, दंड होतो, आणि पार्ट खराब निघाला तर तिथं कुणी दाद देत नाही.

फिटर_मिरज
खर्च कमी करायचा असेल तर डब्यावर कुणाचं नाव आहे यापेक्षा पार्ट मुळात कोण बनवतं ते बघा. बजाजला सस्पेन्शन, ब्रेक पुरवणाऱ्यांत एन्ड्युरन्स आहे, लाइट आणि प्लास्टिकला व्हॅरॉक. दोघांचाही माल स्वतःच्या पाकिटात खुल्या बाजारात येतो. एकाच आयातदाराच्या हातातून यायची अट नाही, त्यामुळं दुकानादुकानांत चढाओढ असते आणि भाव खाली राहतो.

चाकाचं बेअरिंग कंपनीच्या डब्यातलं कशाला? बाजूवर नंबर कोरलेला असतो, ६३०१ किंवा ६२०३ असा. तो वाचून बेअरिंगच्या दुकानातून घ्या. चाकाला नंबरापुढं २आरएस असलेलं, म्हणजे दोन्हीकडं रबर सील. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, पावसात त्यातून पाणी शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. तिन्ही जुळले पाहिजेत, आणि फोर्कला (पुढच्या शॉकअपला) फोर्कचंच सील घ्या. बल्ब बदलताना मात्र जपा. एचएस१ असतो ३५/३५ वॅटचा, एच४ ६०/५५ चा. खटपट करून एच४ बसवतात लोक, मग रिफ्लेक्टर करपतो, होल्डर वितळतो, आणि सगळ्यात महाग असलेलं हेडलाइट असेंब्लीच घ्यावं लागतं.

चेन सेट घ्यायची वेळ खरंच आलीय का तेही मोजा. ४२८ नंबरच्या चेनचा पिच, म्हणजे लागून असलेल्या दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर, १२.७ मिमी. चेन ताणून धरा, पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मापा. नवीन असताना २५४ मिमी भरतं. २५९ झालं की संपली. तीन-चार ठिकाणी मापा, चेन सगळीकडं सारखी ताणत नाही. नुसती चेन बदलू नका, झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर जाते.

कुपवाड_निर्यात
टाकी-वायरिंगसारखा क्वचित खपणारा पार्ट हवा असेल तरच इथून न्यायचा विचार करा. ताई-भाऊ कुणीही असो, आधी चॅसिस नंबरचा फोटो मागवा. १७ अक्षरं, बजाजचा एमडी२ नं सुरू होतो. त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या, "पल्सर १५० चं वायरिंग द्या" असं सांगून घेऊ नका. इथं काउंटरवर आता बीएस-६ चं हातात येईल, ते कार्ब्युरेटरच्या गाडीला जोडलं जाणार नाही, आणि इलेक्ट्रिकल माल सहसा परत घेत नाहीत. भावाच्या गाडीचं कोणतं मॉडेल, कोणत्या साली घेतलीय?

विटा_खानापूर
२०१८ ची आहे, कार्ब्युरेटरवाली. चेन मोजायला सांगितलंय, चॅसिसचा फोटो रात्री येईल. हेडलाइटचा फक्त रिफ्लेक्टर वेगळा मिळतो का, की पूर्ण असेंब्लीच?

शंभरफुटी_स्पेअर्स
फोटो आला की नंबर टाका, बघून सांगतो. तोवर भावाला विचारा, काच फुटलीय की मागचा होल्डर करपलाय. होल्डरच गेला असेल तर जोडणीच्या तारेसकट तेवढाच वेगळा मिळतो, असेंब्लीला हात लावायची गरज नाही.