मदत हवी आहे : शेवटच्या दोन-तीन इंचांत जड होणारे रिकर्व्ह धनुष्य

नमस्कार. मी दादरला राहतो आणि ६२ इंची, सुट्या पात्यांचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) वापरतो. पाती म्हणजे मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग. पात्यांचा गाभा लाकडी असून त्यावर फायबरग्लासचे थर आहेत. २८ इंचांवर ३५ पाउंड (म्हणजे २८ इंच खेचल्यावर लागणारा जोर) असे त्यावर लिहिले आहे, पण माझी खेच २९ इंचांची आहे. २६ इंचांपर्यंत दोरी मऊ, एकसारखी येते. त्यानंतर वजन इतक्या झपाट्याने चढते की दोरी हनुवटीला टेकेपर्यंत बोटे थरथरू लागतात आणि बाण सोडताना हात बाहेरच्या बाजूला फेकला जातो.

माझ्या समजुतीप्रमाणे दोरी आणि पात्याचे टोक यांमधील कोन ९० अंशांच्या जवळ गेला की तरफेचा फायदा घटतो, म्हणून आखूड धनुष्यात हा जडपणा लवकर जाणवतो. दुकानदार कार्बनची पाती सुचवतात. कार्बन हलके आणि पिळाला ताठ असल्यामुळे बाणाचा वेग वाढेल हे पटते. पण पात्याची लांबी आणि टोकाचा बाक तोच राहिला, तर खेच मऊ कशी होईल?

शिंग आणि कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट तंतूंची) जुनी धनुष्ये आखूड असूनही लांब खेचता येत, कारण आतून शिंग दाब सोसे आणि बाहेरून कंडरा ताण. मात्र त्यांचे थर जोडणारा सरस मुंबईच्या पावसाळ्यात टिकणे कठीण.

तेव्हा, याच मुठीवर ६६ इंच होतील अशी लांब पाती घ्यावीत, की बांबूच्या गाभ्याचा लाँगबो (टोके न वळलेले लांब धनुष्य)? दोन्ही वापरलेल्यांनी शेवटच्या इंचांतील फरक कृपया सविस्तर लिहावा.